हुजुरांच्या स्पॅच्युलाची हकीकत

मेहेरबान वाचक यांचे हुजुरात लेखणीचा चाकर अर्ज करतो की, प्रयोगशाळेत फुफ्फुसाच्या पेशींची जी कत्तल जाहली, तिची हकीकत फर्माइल्यावरून साद्यंत लिहिली आहे. पदरचे काही घातले नाही, घातले असल्यास थोडकेच.

जंतू म्हणजे भुकेला गनीम. शरीरात शिरला की लोहावाचून त्याचा जीव कासावीस, म्हणोन तो लोह धरणारे रेणू वसुलीस धाडतो. हे वसूलदार रिकाम्या हाती गरीब गाय. परंतु मुठीत लोह आले आणि आमच्याच फौजेने जंतूंवर फेकलेले पेरॉक्साइड गाठ पडले, की मग मूलक (इंग्रजीत रॅडिकल) नामे ऐसे माथेफिरू रेणू उपजतात की, गनीम राहतो बाजूस आणि आमच्याच पेशी जळतात. हे सिद्ध करोन डॉक्टरेट घ्यावी, ऐशी मसलत संशोधक बाईसाहेबांनी केली. फेलोशिपची मुदत सरत आलेली; शिकस्त खाल्ल्यास ऐन उमेदीची वर्षे पाण्यात.

घडले विपरीत. लोहवाल्या बशीतील पेशी मेल्या, ते ठीक. बिनलोहाच्या बशीतीलही मेल्या! बाईसाहेबांनी काचसामान आम्लाने धुतले, आणि पाणी बदलले, आणि नळास शिव्या दिल्या, आणि मग आईस फोन करोन रडल्या.

आई म्हणाली, "अगं, स्वयंपाक बिघडला की मी आधी विचारते, मधे येऊन ढवळलं कोणी? तुझे बाबाच असतात!"

बाईसाहेबांचे डोळे खाडकन उघडले. मार्गदर्शक सरांचा दस्तूर ऐसा की, प्रत्येक मोहिमेचा शुभारंभ खासा आपल्या हाते करावा. विद्यार्थीदशेतील पोलादी स्पॅच्युला खिशातून, गंजासुद्धा, काढावा आणि वसूलदारांचे द्रावण ढवळावे. लोह तेथूनच येत होते. परंतु पदवीवर सही ज्यांची, त्यांस हे सांगावे कसे? मग बाईसाहेबांनी बिनलोहाच्या द्रावणाची एक नळी ढवळावयास सरांपुढे ठेविली, दुसरी आपण प्लास्टिकच्या काडीने ढवळली, आणि दोन्ही द्रावणे बेताच्या पेरॉक्साइडसह पेशींवर घातली.

दुसरे दिवशी सरांच्या पेशी खलास, बाईसाहेबांच्या ठणठणीत. सर सूक्ष्मदर्शकावरून डोळा काढीनात.

"म्हणजे इतके महिने मीच मारत होतो?"

"हो, सर."

"अगं, मग तुझं म्हणणं सिद्धच झालं की! लिहून टाक. फक्त स्पॅच्युला माझा होता, हेही लिही."

येणेप्रमाणे फत्ते जाहली. बाईसाहेबांस डॉक्टरेट मिळाली, पहिला फोन आईस गेला, आणि सर हल्ली ढवळण्यापूर्वी परवानगी मागतात. अद्याप मिळालेली नाही.