रखमाजींची ढाल

जाफराबादच्या बसस्टँडसमोर मोबाइलची कव्हरं विकणारे देवानंद हे जिल्ह्यातले सर्वांत चाणाक्ष गुप्तहेर होते. हे मत खुद्द देवानंदांचं होतं आणि त्यांनी ते कार्डावर छापूनही घेतलं होतं. त्यांच्या नजरेतून काही सुटत नसे. देवळाबाहेरून त्यांचीच चप्पल तीनदा गेली, पण तो तपास अजून चालू होता.

केदारखेड्याच्या कडूबांनी त्यांना बोलावलं ते पणजोबा रखमाजींसाठी. रखमाजी निजामाचा मुलूख सोडून इंग्रजांच्या फौजेत गेले आणि थेट इराकातल्या बसऱ्याहून परतले, असं घरचे सांगत. चुलतभाऊ तातेराव मात्र चारचौघांत म्हणत, "कायची फौज? घरातून पळून गेल्ता!" आता वेशीच्या नव्या कमानीवर फौजेत गेलेल्यांची नावं कोरायची होती. कडूबांना पणजोबांचं नाव हवं होतं, आणि त्याहून जास्त तातेरावांचं तोंड बंद करायचं होतं.

पुरावा एकच. दर खंडेनवमीला पुजलं जाणारं रखमाजींचं हत्यार. लांब लोखंडी दांडा आणि टोकाला काहीतरी वाटोळं. वर्षानुवर्षं शेंदूर थापल्यामुळे ते नेमकं काय आहे हे घरातही कुणाला ठाऊक नव्हतं.

"गदा," देवानंद म्हणाले. मग डोळे बारीक करून, "न्हाई. तोफेत दारू ठासायचं हत्यार. म्हंजे तोफखाना. म्हंजे सुभेदार!"

कडूबांची छाती फुगली. देवानंदांनी गाडीच्या किल्लीनं शेंदूर खरवडला, तर आत भोक. शेजारी दुसरं.

"गोळ्या! ही ढाल हाय, कडूबा. चाळण झाली, पण गडी हलला न्हाई."

"भोकं एका ओळीत कशी मंग?" गंमत बघायला आलेल्या तातेरावांनी विचारलं.

"शत्रू शिस्तीचा होता."

"आन् ढालीला एवढा दांडा?"

"लांबून धरायला," देवानंद शांतपणे म्हणाले.

कडूबांची सून वंदना मघापासून चुलीपाशी ऐकत होती. तिनं ढाल उचलली, सोड्याच्या उकळत्या पाण्यात बुडवली आणि नारळाच्या शेंडीनं खसाखसा घासली.

"मामा, हा तर झारा हाय. पुऱ्या तळायचा."

तातेराव पोट धरून हसले. "आचारी! तुमचा सुभेदार आचारी निघाला!"

कडूबा मटकन खाली बसले. इतकी वर्षं ज्याला हळदकुंकू वाहिलं, तो झारा! त्यांना कुठं तोंड लपवावं कळेना.

वंदनानं दांडा उजेडात धरला. त्यावर इंग्रजांच्या मुकुटाचा शिक्का ठोकलेला होता आणि खाली इंग्रजी अक्षरांत बसरा. "मामा, फौजेचाच हाय. आन् नुसता घरातून पळालेल्या माणसाकडं बसऱ्याचा झारा कुठून येणार?"

"हेच मी म्हणून राह्यलो होतो," देवानंद म्हणाले.

कडूबांनी झारा हातात घेतला. दांडा एका जागी झिजून गुळगुळीत झाला होता, तिथं त्यांनी आपली मूठ ठेवली. मग डोळे पुसून उठले आणि कमानीवाल्या कारागिराकडे गेले.

कमानीवर कोरलं गेलं: रखमाजी, बसऱ्यात फौजेला जेवू घातलं. उद्घाटनाला त्याच झाऱ्यातून बुंदी पडली. कडूबा स्वतः वाढायला उभे राहिले आणि तातेरावांपाशी थांबले.

"पणज्याच्या हातची हाय. वाढू?"

तातेराव कमानीकडे न बघता ताट पुढं करून म्हणाले, "वाढ."