अकरा पूर्णांक काहीतरी

घराची शिस्त घड्याळावर अवलंबून असते. घड्याळाची शिस्त कोणावर अवलंबून असते, हे सहसा कोणी विचारत नाही. विचारलं की भांडणं होतात.

आमच्याकडे एक इलेक्ट्रॉनिक की-बोर्ड आहे. बाहेरून तो वाद्य दिसत असला तरी आतून घड्याळच आहे. त्याच्या पोटात नखाएवढी पत्र्याची डबी असते, तिला दुकानात क्रिस्टल म्हणतात. ही डबी ठरलेल्या वेगानं थरथरते आणि बाकीचं यंत्र तिच्या तालावर सूर काढतं. (एकानं थरथरायचं आणि इतरांनी कामाला लागायचं, ही पद्धत आमच्या कचेरीतही आहे.)

सदर की-बोर्ड कपाटावरून पडला आणि मुका झाला. तो कपाटावर ठेवण्याचा निर्णय माझा होता, पडण्याचा त्याचा. मुलीची संगीत विद्यालयाची प्रवेश परीक्षा तोंडावर आलेली. लहानपणापासून तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं, तेव्हा दुरुस्ती तातडीची ठरली. मेकॅनिककडे द्यावा, असं बायकोचं मत पडलं. पण घरात विज्ञानाचा पदवीधर असताना बाहेर जाणं शोभलं नसतं. (पदवी वनस्पतीशास्त्राची आहे, पण विज्ञान ते विज्ञान.)

आतला क्रिस्टल फुटला होता. त्यावर थरथरण्याच्या वेगाचा ११.२८९६ असा आकडा होता.

"हा मागवावा लागेल," दुकानदार म्हणाला. "बाराचा आहे, पण तो चालायचा नाही."

मी विचार केला. अकरा पूर्णांक दोन आठ नऊ सहा हा काही सभ्य आकडा नव्हे. कारखान्यात घासाघीस होऊन तिथवर आलेला दिसतो. बारा कसा भरघोस! आणि जास्त मिळत असताना माणसानं कमी का घ्यावं?

"चालवून घेऊ," मी म्हणालो.

"बघा बुवा," तो म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरी येऊन मी बाराचा क्रिस्टल बसवला, त्यात दोन बोटं भाजून घेतली आणि की-बोर्ड बोलू लागला. मुलीनं एक सूर वाजवून पाहिला.

"बाबा, हा वर बोलतोय."

"बोलतोय ना? कालपर्यंत मुका होता."

यानंतर घरात ज्या सुधारणा झाल्या, त्यांची नोंद घेणं भाग आहे. यंत्रातली तयार गाणी पूर्वीपेक्षा लवकर संपू लागली. वेळेची बचत सहा टक्के. मुलगी खाली गाते, ही बाब प्रथमच निदर्शनास आली. पाठोपाठ बायको (काम करताना गुणगुणते तेव्हा), दारावरची घंटी, बातम्यांआधीचं संगीत आणि वरच्या मजल्यावरच्या आजोबांची शीळ हेही खालीच असल्याचं आढळलं. तपासलेल्या सतरा बाबींपैकी सतरा खाली निघाल्या. सगळं जग घसरत असताना आपल्या घरातल्या एका यंत्रानं तग धरावा, याचा मला अभिमान वाटला.

मुलगी यंत्राबरोबर सराव करू लागली.

"बाबा, वरच्या सुरांना गळा दुखतो."

"सवय होईल," मी म्हणालो. हे वाक्य मी वडिलांकडून घेतलं आहे. त्यांनी ते कुठून घेतलं, ते माहीत नाही.

सवय झाली नाही, गळा बसला. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी मारून घसा पाहिला आणि विचारलं, "इतकं ताणून कशाला गातेस गं?"

"बाबांचा की-बोर्ड तसा आहे," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी विझवली आणि माझ्याकडे पाहिलं.

काही दिवस बोलायला बंदी झाली. मुलगी नुसती मान हलवायची. तिच्या बडबडीवर मी कायम वैतागत आलो होतो, पण त्या दिवसांत मला जेवण जाईना.

मग बायकोनं फोन काढला. त्यात की-बोर्ड पडण्याआधीचं मुलीचं गाणं होतं. बायकोनं ते लावलं आणि की-बोर्डवर तेच गाणं, त्याच पट्ट्या दाबून वाजवलं. फोन खाली निघाला.

"फोन बिघडलाय," मी म्हणालो.

तिनं तेच गाणं आत्याच्या फोनवर लावलं, मेहुण्याच्या फोनवर लावलं. दोन्ही तितकेच खाली. इतकी यंत्रं एकदम आणि सारख्याच मापानं बिघडावीत, यावरून बाजारातल्या मालाचा दर्जा ध्यानात येतो.

"अहो, सगळं जग खाली आणि तुम्ही एकटे तेवढे वर?" बायको म्हणाली.

थोर माणसांच्या बाबतीत असं घडतं, असं मी तिला सांगितलं.

खरं म्हणजे मला तिथंच कळून चुकलं होतं. क्रिस्टल बदलायला फारसा वेळ लागत नाही. पण त्याआधी "माझं चुकलं" असं म्हणावं लागतं, आणि त्या कामाचं हत्यार माझ्या पेटीत नव्हतं.

मुलगी माझ्यासाठी थांबली नाही. गळा सुधारताच ती जिन्यात बसून, कसलंही यंत्र न घेता गाऊ लागली. परीक्षेच्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होतो. आतून तिचा आवाज आला, अगदी मोकळा. माझ्या कानाला तो खाली लागला. मग तिथला पियानो सुरू झाला आणि दोघांत तसूभरही फरक नव्हता. मी डोळे पुसले. (विद्यालयात धूळ फार आहे.) तिची निवड झाली.

तेव्हापासून गल्लीत माझं वजन वाढलं. मुलीला मीच घडवलं, असा समज पसरला आहे, आणि लोकांचा समज खोडून काढणं मला उद्धटपणाचं वाटतं. योग्य आकड्याचा क्रिस्टल आणून ठेवला आहे. तो बसवण्याचा प्रस्ताव विचाराधीन आहे. मुलगी माझ्यासमोर गात नाही, याचं मात्र मला मनापासून वाईट वाटतं. दुसऱ्यांची मुलं येऊन गातात.

गेल्या रविवारी आपणही आला होतात, धाकटीला घेऊन. तिनं सूर लावला. मी पट्टी दाबली आणि मान हलवून म्हणालो, "जरा खाली लागतोय."

"मला तर हे यंत्रच वर वाटतंय," ती म्हणाली.

आपण तिच्या डोक्यात टपली मारलीत आणि मला विचारलंत, "रोज किती वेळ बसवू हिला?"