वाढत्या मापाचा पंप

घरातली खरेदी आपल्याइतक्या शहाणपणाने कोणी करत नाही, याबद्दल विश्वनाथरावांना तिळमात्र शंका नव्हती. त्यांचं तत्त्व एकच: वस्तू वाढत्या मापाची घ्यावी. हेमांगीला पाचवीत घेतलेला गणवेश आठवीत अगदी बेतल्यासारखा बसला. तोवर तो विटला होता, ही गोष्ट वेगळी.

आता हेमांगी गुडगावला नोकरी करत होती आणि रविवारी ग्रेटर नोएडाच्या ट्रॅकवर पहिल्या मोटारशर्यतीत उतरणार होती. शर्यत पुरी केली, तर क्लबच्या संघात जागा पक्की. नेमका तेव्हाच तिच्या जुन्या गाडीचा फ्युएल पंप गेला. तोच तो, टाकीतलं पेट्रोल इंजिनाला पोचवणारा. आणि ती ऑफिसच्या कामाने जयपूरला.

"बाबा, करोल बागेतून कमी प्रेशरचाच आणा," तिने फोनवर बजावलं. "जास्त प्रेशर कार्ब्युरेटरला झेपत नाही. भरून वाहतो."

"बिल्कुल. तू निर्धास्त राहा."

दुकानदाराने दोन पंप पुढे ठेवले. बाहेरून जुळे भाऊ. फरक काय तो आतल्या स्प्रिंगचा.

"अंकल, छोटा इंजन है तो ये हलका वाला."

"आज छोटा है, कल बड़ा लेंगे," विश्वनाथराव म्हणाले. "भारी वाला दीजिए."

मेकॅनिकने पंप बसवून ॲक्सिलरेटर दाबला. गाडीने अशी डरकाळी फोडली, की विश्वनाथरावांची छाती फुगली.

रविवारी हेमांगी जयपूरहून परस्पर ट्रॅकवर आली; गाडी मेकॅनिकने टेम्पोत घालून आणली होती. सुरुवातीच्या रेषेवर गाड्या नुसत्या गुरगुरत उभ्या होत्या. उभ्या गाडीला पेट्रोल लागतं चमचाभर. पंप मात्र लग्नातल्या यजमानासारखा आग्रह करकरून वाढतच होता. कार्ब्युरेटर भरून वाहिला, काळा धूर निघाला, इंजिनाला ठसका लागला आणि ते बंद पडलं. तेवढ्यात झेंडा हलला. बाकीच्या गाड्या निघून गेल्या.

हेमांगी उतरून कठड्यापाशी आली. तिचे डोळे भरून आले होते.

"बाबा, पंप कोणता आणलात?"

"जरा वाढत्या मापाचा," ते पुटपुटले. "म्हटलं, पुढे तू मोठं इंजिन घेशील..."

हेमांगीने त्यांना कोपरापासून नमस्कार केला. तिचे हात मात्र त्यांना दिसले नाहीत. शर्यतीचा सूटही त्यांनीच आणला होता, आणि दुमडलेल्या बाह्या सुटून बोटांच्या वीतभर पुढे लोंबत होत्या.