ऐकलं का, दोन वार

मन्मथआप्पा संध्याकाळी घरी आले की उंबऱ्याबाहेर उभे राहून बायकोला हाक मारायचे, आणि ती हाक हर्राशीची असायची. "ऐकलं का, एक वार!" मग चपला काढायच्या. "ऐकलं का, दोन वार!" तोवर आतून काकूंचं "ऐकलं" यायचं आणि मगच आप्पा उंबरा ओलांडायचे. मानवतला बदली होऊन मी त्यांच्या शेजारच्या खोलीत राहायला आले, तेव्हा पहिल्याच संध्याकाळी माझ्या हातातली पिठाची परात खाली पडली. मला वाटलं, शेजाऱ्यांचं घर लिलावात निघालं.

मी टेलिफोन एक्स्चेंजला होते. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडायचे. त्यांचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता, पण लाइन लागली की नाही ते बघायला थोडं ऐकावंच लागतं, त्याला काय करणार! तर सांगायचं एवढंच, की चौकशा करणं हा माझा स्वभाव नाही, पेशा आहे. आणि मन्मथआप्पांसारखा माणूस भिंतीपलीकडं राहत असताना चौकशी न करणं मला तरी जमणारं नव्हतं.

आप्पांनी अर्धं आयुष्य मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हर्रास बोलण्यात घालवलेलं. ज्वारीचे, तुरीचे, करडीचे ढीग लागलेले, भोवती आडतवाल्यांचा गराडा, आणि मधे पोत्यावर उभे आप्पा. धिप्पाड अंग, कपाळावर विभूती, गळ्यात लिंग. "एक वार" म्हणाले की खरीददार चुळबुळायला लागायचे, "दोन वार" म्हणाले की घाबरायचे, आणि "तीन वार" झालं की संपलं, माल ज्याचा त्याचा झाला. तिथून मागं फिरणं नाही. मानवत रोडच्या स्टेशनावर गाडी थांबायची ती सिग्नलला नाही, आप्पांच्या आवाजाला, असं गल्लीत सांगायचे. शेतकरी मुद्दाम विचारायचे म्हणे, आज आप्पा हायत का? हायत म्हटलं तरच बैलगाडी सोडायचे.

असा हा माणूस पन्नाशी उलटल्यावर एक दिवस पोत्यावरून खाली उतरला आणि कामाला लागला कुठं, तर देवळामागच्या वाचनालयात! भिंतीवर ही मोठी पाटी, 'शांतता राखा', आणि पाटीखाली स्टुलावर आप्पा. पगार मोंढ्याच्या पासंगालाही पुरणार नाही असा. वाचनाचा नाद होता म्हणावं, तर तेही नाही. "पेपर सोडून आपन काई वाचीत न्हाई. पुस्तकं लय लांबण लावतेत," असं तेच सांगायचे.

मी पहिल्या सुट्टीलाच वाचनालय गाठलं. कादंबरी पाहिजे होती म्हणा, किंवा आप्पांना बघायचं होतं म्हणा. बघते तर आप्पा तोंडातून चकार शब्द काढत नव्हते. पेपर एक आणि वाचणारे दहा, त्यामुळं पूर्वी तिथं पानासाठी खेचाखेच चालायची. आप्पांनी पानांची हर्रास सुरू केलेली, तीही मुकी. पान वर धरायचे. ज्याला हवं त्यानं किती मिनिटांत वाचून देणार ते बोटांनी सांगायचं. जो कमी बोटं दाखवील त्याला पान आधी. पेन्शनर लोक खेळाच्या पानासाठी दोन बोटांवर यायचे आणि मग निम्मं पान वाचून मुकाट परत करायचे. एकानं कुजबुजून हुज्जत घातली, तर आप्पांनी मान वर करून नुसतं पाटीकडं बोट दाखवलं. मला हसू आवरेना, तर ते बोट माझ्याकडंही वळलं.

दिवसभर असं मौन, आणि घरी आले की तोंडाचा पट्टा सुरू. पेपरातलं जे जे वाचलं ते सगळं काकूंना सांगायचे, मोंढ्यातल्याच आवाजात. नामांतराचे दिवस होते. आज इथं मोर्चा, उद्या तिथं बंद. गल्लीत ज्यांच्याकडं रेडिओ नव्हता त्यांनाही आप्पांमुळं मराठवाड्यात काय चाललंय ते कळायचं. कुठल्या गावात माणसांची घरं पेटवल्याची बातमी असली की मात्र आप्पांचा आवाज खाली यायचा. मग काकू "काय?" म्हणायच्या आणि त्यांना ती बातमी पुन्हा, मोठ्यानं सांगावी लागायची. दुसऱ्यांदा सांगताना तो आवाज कापायचा. भिंतीच्या अलीकडं मला जेवण जायचं नाही.

अशाच एका बंदच्या दिवशी रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. जमावाला बंदी. तेवढ्यात आप्पांच्या घरातून गर्जना झाली, "बोला, कोनतं पायजे? एक वार!" गस्तीवरचा जमादार नवा होता. तो धावत आला आणि दार वाजवून म्हणाला, "घोषणा कोन द्यायलंय?" आप्पा बाहेर आले. एका हातात वांगी, दुसऱ्या हातात दोडकी. जमादारानं दोन्ही हातांकडं बघितलं, काकूंकडं बघितलं आणि म्हणाला, "वांगी करा." आणि गेला.

आप्पांनी मोंढा का सोडला, यावर गल्लीत मतं होती. कुणी म्हणे आडतवाल्या सेठशी बिनसलं. कुणी म्हणे वैराग्य आलं. मी आप्पांनाच विचारलं, तर म्हणाले, "फुरसत पायजे हो ताई." फुरसत कशाला हवी, तर हसायचे. पत्ते खेळत नव्हते, देवळात बसत नव्हते, शेतीही नव्हती. या माणसाला फुरसत हवी होती ती घालवायला कुठं, हे काही मला उलगडेना.

तुरीचा हंगाम आला आणि मोंढ्याला आप्पांची खरी आठवण झाली. नवीन आलेला हर्रासवाला दुपारपर्यंतच खोकायला लागायचा. तेव्हा आडतवाले सेठ स्वतः वाचनालयात आले. मी तिथंच होते, कादंबरी बदलायला. सेठना हळू बोलणं ठाऊक नव्हतं. "आप्पा, चला ना राव," एवढं म्हणाले तर दहा माना वळल्या. आप्पांनी पाटी दाखवली. मग सेठ वाकून त्यांच्या कानात बोलायला लागले. नुसता सकाळचा वेळ द्या, मदतीला माणूस देतो, पायजे तर एवढाच हंगाम करा. आप्पा ऐकत होते. माझं पुस्तक उलटं होतं हे मला नंतर कळलं. शेवटी आप्पा बोलले, आणि वाचनालयात मी त्यांचा आवाज ऐकला तो तेवढाच. बसका, खरखरीत. "सेठ, मोंढ्याचं तीन वार झालं."

त्यानंतर चारसहा दिवसांनी मी काकूंकडं विरजण मागायला गेले. काकू चुलीपुढं पाठमोऱ्या बसल्या होत्या, भाकरी थापत. शेजारी दूध वर यायला लागलेलं. "काकू, दूध!" मी म्हणाले. काकू हलल्या नाहीत. मी पुन्हा म्हणाले. दूध उतू गेलं, विस्तवावर चर्र झालं, तरी काकू भाकरीच थापत होत्या. वास आला तेव्हा कुठं वळल्या, आणि मला बघून दचकल्या.

इतके महिने आम्ही समोरासमोर बसून गप्पा मारत होतो. त्या माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या, मला वाटायचं किती मन लावून ऐकतात! आणि मी म्हणे कानांची नोकरी करणारी.

"बाळंतपनातल्या तापात गेले कान," काकू म्हणाल्या, आणि दुधाचं पातेलं उतरवून ठेवलं. "तुमचं सगळ्याचं मी व्हटावरून घेते. ऐकायला येतो तो फक्त ह्यांचा आवाज. लांबून आल्यावानी येतो, पर येतो. आन तोच दिवसभर मोंढ्यात जायचा. घरी यायचे तवा घसा बसलेला. मानूस घरात आलेलं मला कळायचं न्हाई, मागं वळावं तर हे उभे. एकदा अशीच दचकले, उकळतं तेल हातावर आलं." त्यांनी पदर सारून मनगट दाखवलं. कातडी चुरगळल्यासारखी झालेली. "डाक्टर मनले, घसा जपा, न्हाईतर आवाज जाईल समदाच. तवा हे मनले, राहिला तेवढा घरी आनतो."

विरजण न घेताच मी परत आले.

त्या थंडीत आप्पांचा घसा फार धरला. वाचनालयात तर ते आता पाटीकडंही बोट दाखवत नव्हते, नुसती भुवई उचलायचे. एका संध्याकाळी मी दारात तांदूळ निवडत होते. आप्पा रोजच्यापेक्षा जरा लवकरच आले, उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "ऐकलं का, एक वार." आवाज चिरका. चपला काढल्या. "ऐकलं का, दोन वार."

आतून काही आलं नाही.

काकू आत दिसत होत्या, पाठमोऱ्या, चुलीवर कढई. आप्पा तिथंच उभे, एक हात चौकटीला. त्यांचा चेहरा मला बघवेना. लाइन जोडायची माझी सवय, मी ताट खाली ठेवून उठले. म्हटलं, परसदारानं जाते, काकूंच्या समोर उभी राहते. तर आप्पांनी माझ्याकडं बोट वर केलं, अगदी वाचनालयातल्यासारखं.

"मग तिसऱ्यांदा तरी म्हणा की, आप्पा," मी हळूच म्हणाले.

"तीन वार मोंढ्यात, ताई," ते म्हणाले. "हितं तीन मनायचं नसतंय."

त्यांनी रांजणातलं पाणी तांब्यानं घेतलं, दोन घोट प्यायले, उपरण्यानं तोंड पुसलं. मग काढलेल्या चपला पुन्हा पायात घातल्या, गल्लीत चार पावलं मागं गेले आणि आत्ताच कामावरून आल्यासारखे परत दाराशी आले. छाती भरून घेतली.

"ऐकलं का, एक वार!"

काकूंनी आधी कढई खाली उतरवली आणि मग मान वळवली.

"ऐकलं," त्या म्हणाल्या. "या की आत. आज लवकर आलाव जनू."