पटाशीची परीक्षा

जेवणाच्या टेबलाचा पाय मोडला तेव्हा तपासनीस त्याच टेबलावर उभे होते. भिंतीवरचं घड्याळ सरळ आहे की तिरकं, एवढंच त्यांना बघायचं होतं. घड्याळ सरळच होतं. कालही सरळ होतं, परवाही होतं. पण स्वतः तपासल्याशिवाय कशावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही हा त्यांचा बाणा होता, आणि तो त्यांनी काडेपेटीच्या कारखान्यात एकतीस वर्षं इमानेइतबारे सांभाळला होता. दर गठ्ठ्यातल्या काही काड्या काढायच्या आणि ओढून बघायच्या. पेटली की पास. पास झाली की अर्थातच संपली. निवृत्तीनंतरही सगळे त्यांना तपासनीसच म्हणत.

धाडदिशी आवाज झाला तशी बायको स्वयंपाकघरातून धावत आली.

"लागलं का हो?"

"नाही, मी ठीक आहे," तपासनीस फरशीवर बसल्या बसल्या म्हणाले.

"तुम्हाला नाही, टेबलाला!"

टेबलाचा एक पाय मधोमध मोडला होता. आणि टेबल काही साधंसुधं नव्हतं. त्यांच्या लग्नात बायकोच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे ताईने, ते भेट दिलं होतं. काळसर, जड लाकूड, चार कातीव पाय. त्यात येत्या रविवारी ताई आणि तिचे यजमान जेवायला येणार होते.

"अठ्ठावीस वर्षं या टेबलावर ओरखडा उमटू दिला नाही मी," बायको म्हणाली. "रविवारी ते चार पायांवर उभं दिसलं पाहिजे. नाहीतर ताईला काय ते तुम्ही सांगायचं. मी तोंड उघडणार नाही."

कारखान्याच्या मालकाला तपासनीस कधी भ्याले नव्हते. पण ताईने भुवई उचलून नुसतं "असं का?" म्हटलं, की त्यांना पाणी प्यावंसं वाटे.

सुताराने तीन आठवड्यांचा वायदा केला. तेव्हा तपासनीसांनी ठरवलं, पाय आपणच कातायचा. शेजारच्या म्हाताऱ्या खेळणीवाल्यांच्या शेडमध्ये लाकूड फिरवून कातायचं एक लेथ धूळ खात पडलं होतं.

"लेथ खुशाल वापरा," खेळणीवाले म्हणाले. "पण हत्यारं तुमची तुम्ही आणा. दाढीचा वस्तरा आणि लेथच्या पटाश्या मी सख्ख्या भावालाही देत नाही."

झालं! सोमवारी सकाळी तपासनीस हत्यारांच्या दुकानात हजर.

"चांगली पटाशी कशी ओळखायची?" त्यांनी विचारलं.

"सोपं आहे," दुकानदार म्हणाला. "पोलाद हायस्पीडचं घ्या, म्हणजे तापलं तरी धार सोडत नाही, दांडा लांब घ्या, हातात जरा जड लागली पाहिजे. ही घ्या. डोळे मिटून घ्या."

डोळे मिटून! एकतीस वर्षांच्या नोकरीचा एवढा अपमान कुणी केला नव्हता. तपासनीसांनी नऊ वेगवेगळ्या कारखान्यांच्या नऊ पटाश्या घेतल्या, घरी येऊन प्रत्येकीच्या दांड्याला क्रमांकाची चिठ्ठी बांधली आणि वहीत रकाने आखले.

पहिली चाचणी झाडूच्या दांड्यावर झाली. नऊच्या नऊ पटाश्यांनी तो लोण्यासारखा कापला.

"मग घ्या यातली कुठलीही, आणि लागा कामाला," बायको म्हणाली.

"अगं, मऊ लाकडावर कोणीही पास होईल. ज्या लाकडावर काम करायचं, त्याच लाकडावर परीक्षा घ्यायची असते."

"ते लाकूड आहे कुठे आपल्याकडे?"

तपासनीस टेबलाकडे बघत होते. मोडका पाय नमुना म्हणून जपून ठेवायचा होता, त्याला हात लावून चालणार नव्हतं. पण बाकीचे तीन?

"अहो, मोडलाय तो एक, तुम्ही दुसरा कशाला काढताय?" बायको किंचाळली.

"ऐक तरी. एकदा चांगलं हत्यार हाताला लागलं, की एक पाय कातायचा काय आणि दोन कातायचे काय, सारखंच."

हे ऐकायला इतकं बरोबर वाटलं की बायको त्यातली चूक शोधू लागली. ती सापडेपर्यंत दुसरा पाय लेथवर चढला होता.

कारखान्याची पद्धत तपासनीसांच्या हाडीमाशी खिळलेली. वस्तू कधी दगा देते हे कळेपर्यंत वापरायची. पटाशी क्रमांक एक त्यांनी चालवली ती पार बोथट होईपर्यंत. वेळ मोजली, वहीत लिहिली, पटाशी बाजूला टाकली. मग क्रमांक दोन. मग तीन. बुधवारी संध्याकाळी त्यांनी लेथ बंद केलं तेव्हा टेबलाच्या पायाची करंगळीएवढी काडी झाली होती. शेडमध्ये भुशाचा ढीग, तपासनीसांच्या मिशीत भुसा, आणि चेहऱ्यावर किती वर्षांनी आलेलं समाधान!

गुरुवारी चार, पाच, सहासाठी तिसरा पाय गेला. एका पायावर टेबल तसंही उभं राहत नव्हतं, म्हणून शुक्रवारी चौथ्याचं कुणाला फारसं वाईट वाटलं नाही. बायकोने बोलणं टाकलं होतं. ती येता-जाता भिंतीला टेकवलेल्या टेबलाच्या फळीवरून फक्त फडकं फिरवायची.

शुक्रवारी दुपारी निकाल लागला. क्रमांक सात! एक तास चाळीस मिनिटं टिकली होती बहाद्दर. तपासनीसांनी तिच्यापुढे लाल शाईने "उत्तम" लिहिलं. शनिवारी सकाळी दारावरून भंगारवाला गेला, त्याला नऊच्या नऊ पटाश्या देऊन टाकल्या आणि ते ताठ मानेने दुकानात शिरले.

"क्रमांक सात पास झाली. तिच्यासारखी नवी द्या."

"वा! पण नवी कशाला? ती सात कुठे गेली?"

"संपली."

"संपली म्हणजे?" दुकानदार गोंधळला. "पोलाद आहे साहेब, साबण नाही."

"अहो, बोथट झाली ना! सगळ्याच झाल्या. भंगारात दिल्या."

दुकानदाराने आधी त्यांच्याकडे बघितलं, मग छताकडे, मग स्टुलावर बसून घेतलं.

"साहेब, पटाशीला धार लावतात. दर पंधरा-वीस मिनिटांनी लावतात. दगडावर दोनदा फिरवली की झाली नव्यासारखी."

"एकदा वापरलेली?"

"हो!"

"पुन्हा चालते?"

"वीस वर्षं चालते!"

एकदा पेटलेली काडी पुन्हा पेटते असं कुणी सांगितलं असतं, तरी तपासनीसांना इतका धक्का बसला नसता. शेवटी सातच्या जातीची नवी पटाशी आणि धार लावायचा दगड घेऊन ते घरी आले. दारातूनच ओरडले, "मिळाली गं! आता रात्रीच्या आत चार पाय कातून देतो."

पाच दिवसांनी बायकोने तोंड उघडलं.

"कशाचे?"

तपासनीस लाकडाच्या वखारीकडे धावत सुटले. वखारीला टाळं होतं. शनिवारी ती दुपारीच बंद होत असे, आणि रविवारी उघडतच नसे.

रविवारी ताई आणि साडू आले तेव्हा टेबलाची फळी फरशीवर पसरली होती आणि तिच्यावर स्वच्छ चादर घातली होती. बायको शब्द पाळून स्वयंपाकघरात गेली आणि कान दाराशी ठेवून उभी राहिली.

ताईने खोलीभर नजर फिरवली.

"भाऊजी, टेबल कुठाय?"

काहीतरी थाप मारावी, टेबल पॉलिशला दिलंय म्हणावं, असं क्षणभर तपासनीसांच्या मनात आलं. पण खोटा निकाल त्यांनी उभ्या जन्मात लिहिला नव्हता. त्यांनी सगळं सांगून टाकलं. घड्याळ, लेथ, नऊ पटाश्या, सगळं. वहीसुद्धा पुढे ठेवली.

"ताई, तुम्ही इतक्या मायेने दिलेली वस्तू. मला फार वाईट वाटतंय. बोला, काय बोलायचं ते बोला."

ताई "असं का?" म्हणाली नाही. ती लालबुंद झाली आणि नवऱ्याकडे बघू लागली. साडू एकदम खिडकीबाहेर बघायला लागले.

"सांगा आता!" ताई त्यांच्यावर ओरडली. "त्यांनी सांगितलं तसं सांगा!"

"कशाला जुनं उकरतेस?"

"सांगताय, की मी सांगू?" आणि ताईनेच सांगितलं. "भाऊजी, तो पाय आधीच मोडला होता हो. लग्नाच्या आदल्या दिवशी यांनी टेबल जिन्यावरून खाली सोडलं. दुसरं आणायला वेळ कुठला? सरस लावला, वरून पॉलिश फिरवलं. दर वेळी तुमच्याकडे जेवायला बसले की घास घशाखाली उतरायचा नाही माझ्या. म्हणायची, आज मोडतोय की काय!"

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. तिच्या हातात आमटीचा डाव तसाच होता.

"ताई! अठ्ठावीस वर्षं! आणि आम्हाला कळेल अशी भीती नाही वाटली तुला?"

"वाटली ना गं," ताई पडेल आवाजात म्हणाली. "पण हे म्हणाले, बिनधास्त दे, तिथे तपासतंय कोण!"

तपासनीस उठले, आतून मोडका पाय घेऊन आले आणि चष्मा लावून त्यांनी तो खिडकीशी धरला. मोडल्या जागी जुन्या सरसाचा पिवळा थर स्पष्ट दिसत होता. आठवडाभर नमुना म्हणून जपलेला पाय त्यांनी पहिल्यांदाच नीट बघितला होता.

"नापास," ते म्हणाले, आणि गेल्या आठवड्याचं सगळं ओझं त्यांच्या डोक्यावरून उतरलं. ते हसायला लागले, मग साडू हसले, मग ताईने पदराने डोळे पुसले.

हसली नाही ती फक्त बायको. ती बोटांवर काहीतरी हिशेब करत होती.

"म्हणजे चारांत वाईट होता तो हा एकच," ती सावकाश म्हणाली. "मग बाकीचे तीन कसे होते हो?"

तपासनीसांचं हसू थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"उत्तम होते गं," ते हळूच म्हणाले. "मी स्वतः तपासलेत."