वनराजांच्या दरबारातलं डबकं

एका जंगलात, मुलांनो, नाटकाचं भयंकर वेड होतं. शिकार राहिली तरी चालेल, पण रविवारचा दुपारी चारचा प्रयोग चुकवायचा नाही, अशी तिथली रीत.

त्या जंगलात साळूबाई नावाची एक साळिंदरीण राहायची. ती नाटकांचं नेपथ्य करायची. म्हणजे रंगमंचावर घर, देऊळ, विहीर, जे काय लागेल ते उभं करायचं. खिळा हवा झाला की अंगावरचा एक काटा उपसायचा आणि ठोकायचा. अकरा नाटकं करून तिची पाठ बरीचशी उघडी पडली होती.

साळूबाईला एकच दुःख होतं. पडदा वर जातो, नट अजून आलेला नसतो, आणि नुसतं नेपथ्य बघून प्रेक्षक टाळ्या वाजवतात. ती टाळी तिला अकरा नाटकांत मिळाली नव्हती. एकदा वाजली होती, पण चौकशीअंती ती डास मारल्याची निघाली.

बारावं नाटक आलं ते ऐतिहासिक. 'वनराज रणभैरव'. रणभैरव म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीचा सिंह. त्याचं नाव निघालं की अजूनही सगळ्यांच्या शेपट्या आपोआप खाली जायच्या.

"बाई, दरबार असा उभा करा की इतिहास जिवंत झाला पाहिजे," निर्माते तरसराव म्हणाले, आणि हसले. तरस असल्यामुळे ते प्रत्येक वाक्यानंतर हसायचे.

साळूबाई तडक तळ्यावर गेली. तिथे कासवआजोबा राहायचे, वय वर्षं दोनशे बत्तीस. रणभैरवाचा दरबार डोळ्यांनी पाहिलेले ते एकटेच उरले होते. त्यांना आजवर कुणी काही विचारलंच नव्हतं.

"आजोबा, दरबार कसा होता हो?"

"दरबार कसला? एक चपटा खडक होता. त्यावर महाराज झोपायचे. डाव्या हाताला डबकं होतं, मी त्यात असायचो. माश्या फार."

"आणि खांब? सिंहासन?"

"खडक होता म्हटलं ना."

"महाराज गर्जना कशी करायचे?"

"शिंकायचे. त्यांना बारा महिने सर्दी. पण शिंकायचे मोठ्यांदा हो."

साळूबाई हरखून गेली. इतकं खरंखुरं नेपथ्य जंगलात कुणी केलं नव्हतं. यंदा आपली टाळी कुठे जात नाही, असं तिला वाटलं. तिने माती आणि सालींचा खडक केला. डाव्या हाताला डबकं केलं, त्यात खरं पाणी भरलं आणि वर शेवाळ पसरलं.

रंगीत तालमीला तरसराव पूर्वजगौरव समितीला घेऊन आले. समितीने पाहिलं.

"हे काय आहे?" हत्तीने विचारलं.

"दरबार. कासवआजोबांनी पाहिलेला."

"पाहिला असेल. पण ऐतिहासिक वाटत नाही," माकड म्हणालं. "इतिहासात झुंबर असतं."

"अहो, दोनशे वर्षांपूर्वी जंगलात झुंबर कोण लावणार?"

"आमचे पूर्वज. एवढ्या वर चढून दुसरं कोण लावणार?"

मग सगळ्यांनाच सुचायला लागलं. हत्तीला दाराशी दोन हत्ती हवे होते, म्हणून आधी दार हवं झालं. मोराला मखमलीचे पडदे हवे होते. हरणांचं म्हणणं, दरबारात आमचे पूर्वज मानाने बसलेले दिसले पाहिजेत. हरणं दरबारात जायची हे खरंच होतं. परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, एवढंच.

साळूबाई घरी जाऊन ढसाढसा रडली. मग आली आणि कामाला लागली. खडकाचं सिंहासन झालं, कमानी आल्या, अठरा खांब आले, कारंजं आलं. आणि खोटं कशाला सांगू, तिलाही मजा यायला लागली. माकडाने एक झुंबर मागितलं होतं, तिने तीन टांगली. पाठीवरचा शेवटचा काटासुद्धा तिसऱ्या झुंबरात गेला.

डबक्याला मात्र तिने कुणाला हात लावू दिला नाही. अठराव्या खांबामागे ते तसंच ठेवलं. एवढं तरी खरं असू दे, असं ती स्वतःशी म्हणाली.

रविवार उजाडला. प्रमुख पाहुणे कासवआजोबा. ते शुक्रवारीच निघाले होते, त्यामुळे वेळेवर पोचले आणि पहिल्या रांगेत मधोमध बसले. साळूबाई विंगेतून त्यांच्याकडेच बघत होती. आजोबा नुसतं 'हे काय?' म्हणाले असते तरी सगळं संपलं असतं.

तिसरी घंटा झाली. पडदा वर गेला.

आणि टाळी पडली. माकडांनी चारही हातपाय वाजवले. हत्तींनी कान फडफडवले. कुणीतरी 'वन्स मोअर' ओरडलं, म्हणून पडदा पाडून पुन्हा वर नेला. असं सात वेळा झालं. साळूबाई विंगेत स्वतःभोवती गरागरा फिरत होती, रडत होती आणि हसत होती.

रणभैरवाचं काम करणारा बोका काथ्याची आयाळ लावून ताटकळला होता. आठव्या वेळी तो चिडून आत शिरला, अठराव्या खांबाला वळसा घालून आला आणि थेट डबक्यात पडला. उठला आणि मोठ्यांदा शिंकला.

प्रेक्षक खवळले. सिंह कधी शिंकतो का, म्हणाले.

साळूबाईने चटकन आजोबांकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओळखलं त्यांनी, तिला वाटलं.

प्रयोग संपल्यावर आजोबा अर्ध्या तासात रंगमंचावर चढले.

"पोरी, अगदी तस्सं केलंस गं. त्या कमानी, ते कारंजं. सगळं डोळ्यांपुढे आलं. मी त्या मधल्या झुंबराखाली बसायचो."

"आणि डबकं, आजोबा?"

"तेवढं खटकलं बघ. महाराजांच्या दरबारात डबकं? आणि ते शिंकणं? असलं काहीबाही तुला सांगतं तरी कोण?"

साळूबाईने तोंड उघडलं. तेवढ्यात बाहेर तिच्या नावाने पुन्हा टाळ्या सुरू झाल्या. तिने तोंड मिटलं.

सोमवारी सकाळी तिने आपल्या हाताने डबकं बुजवलं आणि वर चौथं झुंबर टांगलं. महाराजांच्या त्या खऱ्या डबक्याची आठवण असलेली आता जंगलात ती एकटीच होती. आणि तिने तर ते पाहिलंही नव्हतं.

तात्पर्य: पूर्वी काय घडलं ते जाणून घ्यायचं असेल, तर ज्याने डोळ्यांनी पाहिलं त्यालाच विचारावं. मात्र त्याने नाटक पाहून झाल्यावर विचारावं, म्हणजे नेपथ्य दोनदा करावं लागत नाही.