छेदमुक्त गल्ली

जरीपटका वस्तीच्या मागच्या एका गल्लीत गॅसवाल्यांनी खोदताना पाण्याची नळी फोडली, आणि पाणीवाल्यांनी ती जोडताना विजेची केबल तोडली. वरच्या पातळीवर यावर सखोल विचार झाला आणि आदेश निघाला : यापुढे कोणतीही लाइन दुसऱ्या लाइनला ओलांडणार नाही.

गल्लीत घरं तीन. मनोहररावांचं, जितेंद्रचं आणि मधलं प्रयागबाईंचं. वीज-गॅस कुणाला नको असतो? पण प्रयागबाईंचा जीव अडकला होता नळात. गुडघे गेल्यापासून हापशीवरून घागर आणणं त्यांच्या अगदी जिवावर यायचं.

नकाशे तपासायला कार्यालयाने हौसेने संगणकप्रणाली घेतली होती. श्वेता मॅडमनी तीन घरं आणि वीज, पाणी, गॅस ही तीन खाती तिच्यात भरली, प्रत्येक घराला तिन्हींची एकेक लाइन. प्रणालीने तत्काळ नकाशा नाकारला.

"सर, कशाही वळवा, कागदावर एक तरी लाइन दुसरीला ओलांडतेच. गणितच आहे ते," मॅडम साहेबांना म्हणाल्या. "पण जमिनीत काय अडचण आहे? एक नळी खोल टाकायची, दुसरीच्या खालून."

"मंजूर कागदावरचा नकाशा होते मॅडम," साहेब म्हणाले. "कागदाले खोली असते का?"

"मग नऊपैकी एक लाइन काढून टाका! आठ बसतात."

हे मॅडम वैतागून बोलल्या. साहेबांनी ते तज्ज्ञांची शिफारस म्हणून नोंदवलं.

आता काढायची कोणाची? मनोहररावांचा जावई मंत्रालयात. जितेंद्र उठल्यासुटल्या तक्रार करणारा. प्रयागबाईंनी जन्मात कधी तक्रार केली नव्हती, तेव्हा त्यांची संमती गृहीत धरून त्यांची पाण्याची लाइन खोडण्यात आली.

"माहाच नळ काहून गा?" बाईंनी विचारलं.

"गणित आहे थे, बाई," साहेब म्हणाले. "गणितापुढं सरकारचं काय चालते?"

मनोहररावांना वाईट वाटलं. त्यांनी आपल्या नळाला रबरी पाइप लावून बाईंच्या अंगणात सोडला. चारच दिवसांत नोटीस आली : सदर पाइप गॅसच्या लाइनला ओलांडतो. तक्रार जितेंद्रची होती. "माहा राग नाही बाईवर," तो म्हणाला, "पण नियम म्हंजे नियम." मनोहररावांनी पाइप गुंडाळला. खरं सांगायचं तर त्यांनाही जरा सुटल्यासारखंच वाटलं.

पुढे गल्लीला 'छेदमुक्त'चं पारितोषिक मिळालं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. प्रयागबाई तेव्हा हापशीवर होत्या.

वाचकहो, वाईट तुम्हालाही वाटलंच असेल. पण आपली लाइन त्या आठांत बसली आहे हे कळल्यावर तुम्ही तरी तोंड उघडलं असतं का?